जुन्या वर्कस्टेशनला एनव्हिडियाचं कुठलं ग्राफिक्स कार्ड लावायचं, ३०५०, ३०६० की ए२०००?

ज्यांच्याकडे दहा-अकरा वर्षांचा झिऑनवाला (इंटेलचा वर्कस्टेशनसाठीचा प्रोसेसर) टॉवर आहे आणि रेंडरला, म्हणजे थ्रीडी सीनचं चित्र बनवायला, लावून खाली जाऊन चहा पिऊन आलं तरी पट्टी तिथंच असते, त्यांच्यासाठी लिहितोय. आमच्या गिरगावातल्या ऑफिसात इंटिरियरचं काम चालतं, मशीन एचपी झेड४४०, झिऑन ई५-१६५० व्ही३, ३२ जीबी रॅम आणि आत क्वाड्रो के२२००, म्हणजे २०१४ चं ४ जीबीचं कार्ड. टॉवर अजून ठणठणीत आहे, पण कार्ड मॅक्सवेल पिढीचं, आणि एनव्हिडियाने ५८० ही त्या पिढीसाठी ड्रायव्हरची, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, शेवटची शाखा ठरवली, म्हणून आता बदलायलाच हवं होतं.

आधी साइड पॅनल उघडा आणि एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, बघा, कार्डाचा विचार त्यानंतर. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, ६-पिनची वायर अजून ७५ देते, ८-पिनची १५०. ब्रँडेड वर्कस्टेशनचा एसएमपीएस आणि त्याचे कनेक्टर बहुतेक वेळा कंपनीचे स्वतःचे असतात, बाजारातला साधा आणून बसवू म्हटलं तर बसत नाही, त्यामुळे आत जे आहे त्यातच भागवायचं हे धरून चाला.

एसएमपीएस छोटा असेल किंवा जादा वायरच नसेल तर आरटीएक्स ३०५०, पण ६ जीबीवालं. इथे फार लोक फसतात. ३०५० नावाची दोन वेगळी कार्डं आहेत, जुनं ८ जीबीचं १३० वॅट घेतं आणि त्याला वायर लागते, २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीचं ७० वॅटवर स्लॉटमधूनच चालतं, कोर, म्हणजे हिशोब करणारे भाग, तेही कमी आहेत, २५६० च्या जागी २३०४. दुकानात नुसतं "३०५० द्या" म्हटलं तर कुठलं हातात येईल सांगता येत नाही. मी आधी हेच ६ जीबीवालं आणलं होतं. ऑटोकॅड, स्केचअप, एखाद्या खोलीचा रेंडर, सगळं छान. पण टू बीएचकेचा पूर्ण सीन, पडदे, गालिचे, फोर-के टेक्श्चर घेऊन ब्लेंडरमध्ये टाकला आणि थोड्याच वेळात खाली लाल अक्षरात आलं की जीपीयूची मेमरी संपली. टेक्श्चर अर्धी केली तेव्हा चाललं, पण क्लायंटला लाकडाचा पोत जवळून बघायचा होता, तोच गेला.

म्हणून शेवटी ३०६०, १२ जीबी. माझ्या मते जुन्या टॉवरमध्ये रेंडरिंग करणाऱ्यासाठी आज हेच. १७० वॅट, ३५८४ कोर आणि पूर्ण १६ लेनचं कार्ड (लेन म्हणजे कार्ड आणि बोर्डामधले डेटाचे रस्ते), त्यामुळे पीसीआयई ३.० म्हणजे जुन्या पिढीचा स्लॉट असलेल्या बोर्डावरही लेन वाया जात नाहीत. ४०६० नवं आहे, ११५ वॅटच घेतं, पण ८ जीबी आणि ८ लेन, आणि ३.० वर त्या ८ लेनचा वेग ४.० च्या निम्माच, मेमरी भरून माल रॅममध्ये सांडायला लागला की ते नेमकं तिथं जाणवतं. ३०६० चंही एक ८ जीबीचं रूप आहे, मेमरीकडे जाणारा रस्ता, म्हणजे बसही त्याची बारीक, तेव्हा खोक्यावर १२ वाचूनच पैसे द्या. आमच्या झेड४४० मध्ये दोन ६-पिन होत्या, त्या दोन्ही जोडून ८-पिन करणारी वायर घेतली. साटाच्या, म्हणजे हार्डडिस्कला वीज देणाऱ्या, वायरीवरून ८-पिन करणारा अडॅप्टर कुणी दिला तर अजिबात घेऊ नका, साटाच्या कनेक्टरची मर्यादा १२ व्होल्टवर ५४ वॅटची, तो वितळतो. आणि दोन पंख्यांचंच घ्या, लांबी टेपने मोजून, तीन पंखेवालं आमच्या हार्डडिस्कच्या पिंजऱ्याला अडत होतं.

ए२००० कुणासाठी? सॉलिडवर्क्ससारख्या सॉफ्टवेअरवर पोट असलेल्यांसाठी, जिथे सॉफ्टवेअर कंपनीने तपासून मान्य केलेला सर्टिफाइड ड्रायव्हर लागतो, किंवा ज्यांची केस बुटकी आहे त्यांच्यासाठी. ७० वॅट, वायर नको, ३३२८ कोर, ६ आणि १२ जीबी दोन्ही मिळतं. कार्ड खरंच गोड आहे, पण २०२१ मध्ये आलं तेव्हाच ६ जीबीचं ४४९ डॉलर होतं आणि १२ जीबीचं ३०६० होतं ३२९ ला. चारही आउटपुट मिनी डिस्प्लेपोर्ट, त्यामुळे अडॅप्टरचा खर्च वेगळा धरा.

इंटेलचं आर्क स्वस्त दिसतं पण त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी बोर्डाची सोय) लागतं, जे या वयाच्या बोर्डात सहसा नसतं, सोडून द्या.

लग्नाचे व्हिडिओ कापणाऱ्यांचं गणित मात्र वेगळं. नव्या कॅमेऱ्यांचं १०-बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती ठेवणारं) फुटेज वरच्या तिन्ही कार्डांना हार्डवेअरवर उलगडता येत नाही, एनव्हिडियाने ते ५० सिरीजपासून दिलं. आणि झिऑन ई५ मध्ये इनबिल्ट ग्राफिक्स नाही, म्हणजे इंटेलच्या क्विक सिंकचाही (त्या ग्राफिक्समधली व्हिडिओ उलगडायची सोय) आधार नाही. तुमचं काम तसलं असेल तर ३०६० वर पैसे घालू नका, ५०५० बघा, १३० वॅट आहे, तेही ८ लेनचंच, पण टाइमलाइन अडकणार नाही.

आता घ्यायचं कुठून. ग्रँट रोडला पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोडवर चार दुकानं फिरा, भाव त्याच दिवशीचा विचारा, जीएसटीचं बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. सेकंडहँड घेत असाल तर समोर अर्धा तास लोडवर चालवून दाखवा म्हणा. एका दुकानात मला चकाचक पुसलेलं ३०६० दाखवलं, मागच्या ब्रॅकेटवर मात्र गंजाचे पिवळे डाग होते, समुद्राजवळच्या दमट खोलीत बरेच महिने राहिलेलं असणार, मी परत केलं.

जुनं कार्ड लगेच विकू नका. या मशीनला कार्डाशिवाय स्क्रीनच येत नाही, नवं लावून काळोख झाला तर परत आत जाऊन बायोस अपडेट करायला तेच लागतं.