फायबरची बोट, पुट्टीचा तळ आणि गावाचे 2,29,000 रुपये

बोट 1,30,000, इंजिन 85,000, टेम्पो भाडं 14,000. झाले 2,29,000 रुपये. सगळे माझ्या खिशातले असते तर मी गप्प बसलो असतो, पण हे मंडळाच्या वर्गणीचे पैसे आहेत. पावतीपुस्तक घेऊन दारोदार मीच फिरलो होतो. त्यामुळे आता चौकात उभं राहिलं की कोणीतरी विचारतंच, "काय सेक्रेटरी, बोट बुडाली का तरंगतीया?"

ही जुनी फायबरची बोट आम्ही मोबाइलवरची जाहिरात बघून घेतली आणि फसलो. 'अर्जंट विकणे आहे', 'आणखी दोन पार्ट्या बघून गेल्यात', हा सगळा प्रकार तुम्हाला ठाऊक आहे. तो उगाळत नाही. आम्ही बोट का घेतली तेवढं सांगतो, कारण 'रंकाळ्यात फिरवायला घेतली असंल' असंही ऐकून घ्यावं लागलंय.

आमचं गाव करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 म्हणजे धोका, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ आहे. 2019 ला आणि परत 2021 ला माणसं माडीवर बसून बोटीची वाट बघत होती. त्यात 2019 ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. तेव्हापासून कसल्याही बोटीत पाय ठेवायला घरातली बायामाणसं तयार होत नाहीत. म्हणून म्हटलं गावाची स्वतःची असू दे.

बोट सिंधुदुर्गात, किनाऱ्यावरच्या एका गावात होती. 19 फुटी, पांढरी, निळा पट्टा. मे संपत आलेला. आम्ही तिघं गेलो, त्यात एक ट्रॅक्टर मेकॅनिक आणि एक वेल्डर, म्हणजे अगदीच आंधळे नव्हतो. इंजिन ड्रममधल्या पाण्यात चालवून बघितलं, प्लग काढून बघितले, थंड करणाऱ्या पाण्याची धार मागून नीट पडतीय का तेही बघितलं. इंजिन चांगलं निघालं, आजही चांगलं आहे. विकणाऱ्या माणसानं आमचं डोकं बरोबर इंजिनात गुंतवून ठेवलं.

आता ती गोष्ट, जिच्यामुळं अजून रात्री झोप उडते. बोटीला ताज्या रंगाचा वास येत होता. रंगाखाली आणखी एक उग्र वास होता, टाकीचं लिकेज काढताना रेझिनचा, म्हणजे फायबर चिकटवायच्या रसायनाचा, येतो तसला. मी विचारलं. तो हसला, "दरवर्सा रंग काढतंव आमी. काय्येक काळजी करू नकात, भावानू." आम्हाला पटलं. दर्यावर जाणारा माणूस, वर्षाला रंग देत असणारच! पण जरा विचार करा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. मेअखेर बोटी वर ओढतात, झाप नाहीतर ताडपत्री टाकून झाकून ठेवतात, आणि रंगरंगोटी निघते ती जुलैत, हंगामाच्या तोंडावर. दोन महिने पावसात झाकून ठेवायच्या बोटीला मे महिन्यात कोण रंग देतो? आजूबाजूच्या सगळ्या बोटी मीठ लागून पांढरट, रंग उडालेल्या, आणि मधे ही एकटी नवरीसारखी नटलेली. डोळ्यासमोर होतं सगळं. पण घाटावरच्या माणसाला हे कोण सांगणार?

शिवाय बोट वाळूत रुतवून ठेवली होती. तळ बघायचा म्हटलं तर "माणसं नाहीत उचलायला". हे वाक्य ऐकलं की तिथनंच माघारी फिरा. जॅक लावा, टायर लावा, दोनशे-तीनशे रुपये देऊन पोरं बोलवा, पण तळाखाली आडवं होऊन बघितल्याशिवाय इसार देऊ नका.

नदीत सोडल्यावर तासाभरात फळीखाली पाणी. इंजिनाला रेस दिली की मागची पाटी, जिला ट्रान्सम म्हणतात आणि जिच्यावर इंजिन लटकतं, ती डोळ्यांदेखत मागं वाकायची. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला एक फायबरचा कारागीर आणला. त्यानं आधी स्क्रू ड्रायव्हरची मूठ घेऊन तळ ठोकत नेला. टणटण, टणटण, आणि मधेच धप्, म्हणजे तिथं आत बिघाड. तिथं खडूनं गोल केला. असे करत करत अख्खा तळ गोलांनी भरला. एका गोलावर ग्राइंडर लावला तर पांढऱ्या रंगाखाली बोटभर जाडीची गाडीची पुट्टी, आणि पुट्टीखाली दीड हात लांब चीर. खडकावर आपटलेली. चिरेवर मॅटचा, म्हणजे फायबरच्या कापडाचा, एक तुकडासुद्धा नाही. मग ट्रान्समला आतल्या बाजूनं बारीक भोक पाडलं, त्यातनं चहाच्या रंगाचं पाणी गळायला लागलं. फायबर कुजत नाही हो, आतलं प्लायवूड कुजतं. स्क्रूची भोकं सील केली नाहीत की पाणी तिथनं आत शिरतं आणि बाहेरनं काही दिसत नाही.

तो म्हणाला, नीट दुरुस्ती म्हणजे चिरेच्या दोन्ही बाजूंनी तळाच्या जाडीच्या बारापट रुंदीचा उतार घासायचा, पूर्ण वाळू द्यायचं, मग मॅट आणि रेझिनचे थर आतनं-बाहेरनं बसवायचे. ट्रान्सम नवा. खर्च 92,000. नुसती पुट्टी पाणी पिते आणि पहिल्या धक्क्याला सुटते.

आणखी एक. टेम्पो वजनकाट्यावर रिकामा आणि भरून, दोन्ही वेळा तोलून घ्या. पाणी प्यालेली बोट त्याच मापाच्या चांगल्या बोटीपेक्षा जड भरते. काटामारीवरून कारखान्याशी भांडणारी आम्ही उसवाली माणसं, आणि बोट तोलायचं सुचलं नाही.

आता सरकारी बाजू. इथल्या पोलीस ठाण्यात गेलो तर "व्यवहार तिकडं झालाय, तिकडं जा." झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घ्यावा लागतो, आता भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला 318 कलम आहे, हे मी सांगितलं तर साहेब म्हणाले, "वकील आहात काय?" तिकडं गेलो तर "दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." आमच्या कागदावर बोट विकणाऱ्यानंच लिहून घेतलं होतं, 'आहे त्या स्थितीत, पाहून, पसंत करून घेतली'. तेवढी ओळ वाचून हवालदारानं कागद परत दिला. 51,000 मोबाइलवरून दिलेले दिसतात, 1,64,000 रोख. रोखीचा पुरावा? त्याची सही आहे, रक्कम नाही. मोबाइलवर द्या, सगळे द्या, दिवसाची मर्यादा आली तर उरलेले दुसऱ्या दिवशी द्या. नोंदणीच्या कार्यालयात बोटीचा नंबर घेऊन गेलो, तर "लेखी अर्ज करा, माहिती अधिकारात मागा". नंबरावरही रंग होता, आम्ही तो घासून वाचला होता. घासलेला नंबर चालत नाही म्हणे!

सगळ्यात कहर म्हणजे पूर नियोजनाची बैठक. तलाठ्यांनी उपलब्ध साधनांच्या यादीत आमची बोट लिहून घेतली, क्षमता 10 माणसं, स्थिती चालू. बोट बघायला कोणी आलं नाही. मी लेखी पत्र दिलं की बोट फुटकी आहे, कृपया नाव काढा, माणसं मरतील. पत्रावर आवक शिक्का मारून मिळाला. पुढच्या यादीत बोट तशीच, फक्त क्षमता 12 झाली.

परवा त्याच माणसाची नवी जाहिरात दिसली. फोटोत मागं तोच माड, तीच वाळू. 17 फुटी, 'नुकताच रंग दिलेली, पूरग्रस्त गावांसाठी उत्तम'. सांगली-कोल्हापूरकडचं कोणी बघायला जाणार असेल तर मला कळवा. उद्यमनगरच्या त्या कारागिराला घेऊन मी स्वतः येतो, डिझेल माझं.