‘इंजिन ऑइल खातंय’पासून ग्राहक आयोगापर्यंत : वापरानंतरचा अनुभव

हा रिव्ह्यू गाडीचा नाही, त्यामुळे पॉवर-टॉर्कच्या आकड्यांत शिरत नाही. वॉरंटीतली टर्बो पेट्रोल गाडी ऑइल पिते आणि सर्व्हिस सेंटर दर वेळी ‘नॉर्मल आहे सर’ म्हणून वाटेला लावतं, तेव्हा जो कायदेशीर मार्ग उरतो, त्याचा हा रिव्ह्यू. मार्ग चालतो आणि चक्क स्वस्त आहे. पण त्याचा सगळा भार एका कागदावर आहे, आणि काउंटरवर उभं राहून तो कागद कुणीच वाचत नाही.

तो कागद म्हणजे जॉब कार्ड, गाडी सर्व्हिसला देताना तुमची तक्रार ज्यावर नोंदवतात ते.

तुम्ही तोंडी सांगता, ‘ऑइल कमी होतंय, सकाळी निळा धूर येतो.’ अ‍ॅडव्हायझर टाइप करतो, ‘जनरल चेकअप, ऑइल लेव्हल चेक’. तुम्ही सही करता. पुढच्या खेपेला तो ‘पिकअप कमी’ लिहितो, त्यापुढे ‘इंजिन नॉइज’. उद्या आयोगासमोर हे तीन कागद एकच न सुटलेला दोष दाखवत नाहीत. तीन किरकोळ तक्रारी आणि तिन्हींपुढे ‘रिझॉल्व्हड’, एवढंच त्यांतून दिसतं. हे कागद समोरची बाजू स्वतःच जोडते, शोधावेही लागत नाहीत. म्हणून वाक्य घरून लिहून न्यायचं आणि दर वेळी तेच, शब्दही न बदलता टाइप करून घ्यायचं: ‘ओडोमीटर अमुक. मागील टॉप-अपपासून तमुक किमीत ऑइल मॅक्सवरून मिनच्या खाली. थंड इंजिन सुरू करताना निळा धूर.’ ‘सिस्टिममध्ये एवढं बसत नाही’ असं उत्तर आलं, तर तेच वाक्य तिथेच उभ्याउभ्या ईमेल करायचं आणि विषयात जॉब कार्डचा नंबर टाकायचा. गाडी परत घेताना गेटपाससोबत एक समाधानपत्र पुढे सरकवतात, त्यावर डोळे मिटून सही नको. ‘तक्रार कायम, गाडी निषेधासह ताब्यात’ असं लिहून सही, आणि लगेच फोटो. अ‍ॅडव्हायझरचं तोंड वाकडं होतं. होऊ द्या.

धुराबद्दल नेमकं लिहायचं, कारण धूर कधी येतो यावरून रोख ठरतो. रात्रभर उभ्या गाडीने सुरू होताच एक निळा लोट सोडला आणि मग गप्प झाली, तर संशय व्हॉल्व्ह स्टेम सीलवर (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल आत गळू न देणारं रबर). चढावर जोर देताना सतत निळा धूर असेल तर ऑइल रिंग (पिस्टनवरच्या, भिंतीवरचं ऑइल खरवडणाऱ्या कड्या) अडकलेल्या किंवा सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे. टर्बोचं सील आणि पीसीव्ही व्हॉल्व्हही (इंजिनात साचलेली वाफ परत जाळायला नेणारा) ऑइल खातात, आणि पीसीव्ही सगळ्यांत स्वस्त म्हणून आधी तोच बदलून दोन महिने काढले जातात.

आता ‘नॉर्मल’चा समाचार. काही मॅन्युअलमध्ये हजार किमीला एक लिटरपर्यंतचा खप मान्य धरलेला असतो, आणि सर्व्हिस सेंटर तेच पान उघडून दाखवतं. मग सर्व्हिसचं अंतर १०,००० किमी असेल तर त्यात दहा लिटर ऑइल जाणंही ‘नॉर्मल’ ठरतं. साडेतीन लिटर ऑइल मावणाऱ्या इंजिनाचं हे जवळजवळ तीनदा कोरडं होणं झालं. हा हिशोब ईमेलमध्ये लिहून उत्तर मागा. गोल गोल का होईना, लेखी उत्तर येतं, आणि तेच हवं असतं.

त्याच ईमेलात ऑइल कन्झम्प्शन टेस्टची मागणी करायची. ती धड होते की नाही, हे मात्र स्वतः उभं राहून पाहायचं. सपाट जागा, इंजिन गरम, बंद केल्यावर दहा मिनिटं थांबायचं, मॅक्सपर्यंत भरायचं. ड्रेन बोल्ट, फिल्टर, फिलर कॅप आणि डिपस्टिकवर (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) रंगाची खूण किंवा सील. हजार किमीनंतर त्याच जागी, तेवढंच थांबून मोजणी. नुसत्या डिपस्टिकवर समाधान मानू नका. ऑइल काढून वजन करायला सांगा, साधारण ८५० ग्रॅम म्हणजे एक लिटर. डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं तिथे, छोट्या फेऱ्यांमुळे पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि जळालेल्या ऑइलची जागा भरून काढतं. लेव्हल जागच्या जागी दिसते आणि टेस्ट ‘पास’ होते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर तेही जॉब कार्डवर आलं पाहिजे.

पुढची पायरी म्हणजे हेड, इंजिनाचा वरचा भाग, उतरवणं. इथे घाई झाली की केस हातची जाते. बाहेरच्या गॅरेजात इंजिन उघडलं तर ‘छेडछाड’ हा शब्द तयारच असतो. कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये उघडायचं, पण आधी स्पार्क प्लगच्या भोकातून बोरोस्कोपचे (नळीला लावलेला छोटा कॅमेरा) फोटो आणि कम्प्रेशन, लीक-डाउनचे आकडे (सिलिंडर दाब किती धरतो आणि किती गळतो) लेखी घ्यायचे. वॉरंटीत बदललेले जुने पार्ट सहसा कंपनीकडे जातात, म्हणून ते नष्ट करू नयेत असं आधीच लेखी कळवायचं आणि प्रत्येक पार्टचा नंबर दिसेल असा फोटो काढायचा. स्कॅनरने दोषाचा कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम डेटाची, म्हणजे दोष नोंदला गेला त्या क्षणाच्या इंजिनाच्या आकड्यांची, प्रिंट घ्यायची. कोड पुसला की तोही पुसला जातो. ऑइल बदलण्याआधी गरम इंजिनातून, धार मध्यावर आली असताना शंभर मिलि स्वच्छ बाटलीत धरून लॅबला द्यायचं. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम जास्त निघालं तर आतली झीज. सिलिकॉन जास्त असेल तर बहुधा धूळ, आणि तो रिपोर्ट तुमच्यावरही उलटू शकतो: एअर फिल्टर कुठला होता, असा प्रश्न येतो. बाहेरचं ऑइल, रीमॅप (इंजिनाच्या सॉफ्टवेअरमधला बदल), बाजारातलं सीएनजी किट, पाण्यातून काढलेली गाडी, यांतलं काहीही असेल तर समोरून पहिला बचाव तोच असतो. टॉप-अपचं प्रत्येक बिल, ग्रेडसकट, जपून ठेवा.

कायद्याकडे येऊ. भारतात अमेरिकेसारखा स्वतंत्र ‘लेमन लॉ’, म्हणजे सदोष गाडीसाठीचा खास कायदा, नाही. आहे तो ग्राहक संरक्षण कायदा २०१९. आधी डीलर आणि उत्पादक दोघांनाही पंधरा दिवसांची नोटीस, स्पीड पोस्टाने आणि ईमेलने. नोटीस कायद्याने सक्तीची नाही, तरी पाठवावी. एकालाच पाठवली की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो, म्हणून तक्रारीतही दोघे हवेत.

मग १९१५ हा नंबर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिच्याबद्दलचं मत बदलावं लागतं. सुरुवातीला ती नुसती टपालपेटी वाटते, कारण तिला आदेश देण्याचा अधिकार नाही. पण तिथून गेलेल्या तक्रारीला कंपनीचं जे उत्तर येतं, ते सर्व्हिस सेंटरच्या तोंडी उत्तरापेक्षा फार कामाचं असतं, कारण त्यात भूमिका लेखी अडकते. शून्य खर्चात एवढं मिळतं, सोडू नये.

खरी लढाई जिल्हा ग्राहक आयोगात. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तिथेच. आणि तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात, कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी नाही. शुल्क ५ लाखांपर्यंत काहीच नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००. पंधरा लाखांच्या गाडीसाठी चारशे रुपये! वकील सक्तीचा नाही. दाखल करायचं ई-जागृती पोर्टलवर, जे २०२५ च्या सुरुवातीला आलं: तक्रार, शपथपत्र, बिल, आरसी, वॉरंटी पुस्तिका आणि तारखेच्या क्रमाने जॉब कार्डं. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. ‘अजून हजार किमी ऑब्झर्व्हेशनमध्ये चालवा’ या खेळात ही मुदत खर्च होते, आणि नुसता पत्रव्यवहार चालू ठेवल्याने ती वाढत नाही.

समोरच्याला लेखी म्हणणं मांडायला ३० दिवस, वर फार तर १५. तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत, लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, तेव्हा महिन्यांचा नव्हे, वर्षांचा हिशोब मनात धरा.

केस पडते ती बहुतेक तज्ज्ञ अहवाल नसल्यामुळे. निर्मितीदोष सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदाराची, आणि धुराचा व्हिडिओ म्हणजे सिद्धता नव्हे. तक्रारीसोबतच कलम ३८ खाली तपासणीचा अर्ज टाका. खर्च तुम्हाला आधी भरावा लागतो. सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाचा यंत्र विभाग किंवा परवानाधारक मोटार सर्व्हेयर सुचवता येतो. तपासणी दोन्ही बाजूंसमोर झाली की नंतर अहवालावर चिखलफेक कमी होते.

मागणी लिहिताना हात जरा आखडता. पूर्ण किंमत परत हवी, असं एकच वाक्य लिहून थांबू नका. वॉरंटीत पार्ट बदलून देण्याचीच अट असेल आणि तेवढ्याने दोष जात असेल, तर आख्खी गाडी बदलून मिळत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा निकाल आहे आणि तो प्रत्येक लेखी म्हणण्यात येतोच. म्हणून पर्यायी मागण्या उतरंडीने: परतावा, नाहीतर नवी गाडी, नाहीतर नवं इंजिन वाढीव वॉरंटीसह, शिवाय भरपाई आणि खर्च. ओडोमीटर जितका पुढे, तितकी पहिली मागणी दूर.

एकाच इंजिनाचे बरेच मालक सापडले तर कलम ३५ खाली आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. चालत्या गाडीत इंजिन बंद पडण्यासारखा सुरक्षेचा दोष असेल तर परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर रिकॉलसाठी नोंद करा. ही सोय सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना आहे. त्यातून तुमचे पैसे लगेच मिळत नाहीत, पण नोंदींची संख्या साचते.

तडजोड बहुतेक नोटिशीनंतर किंवा पहिल्या तारखांना येते: ‘शॉर्ट ब्लॉक (हेड सोडून इंजिनाचा खालचा भाग) आमचा, लेबर तुमचं’. वॉरंटीत लेबर कशाला द्यायचं? तेवढ्यावर अडून बसायला हरकत नाही. करारात नव्या ब्लॉकची वॉरंटी किती महिने, किती किमी, आणि टर्बो त्यात येतो का, हे लिहून घ्या. ब्लॉकबरोबर इंजिन नंबर बदलला तर तो आरटीओत आरसीवर चढवावा लागतो आणि विमा पॉलिसीतही दुरुस्त करावा लागतो. ती कागदपत्रं आणि तो खर्च कुणाचा, हे सही करण्याआधी ठरवा. नंतर डीलर फोन उचलत नाही.