रोबोला न दिसलेली खोकी: टॅग आणि रोबोच्या साठामोजणीचे नऊ महिने

आमच्या गोदामातील साठ्याची जबाबदारी माझ्याकडे असल्यामुळे ही व्यवस्था घेण्याच्या निर्णयात माझा सहभाग होता, आणि गेले नऊ महिने तिच्या रोजच्या अहवालावर सहीही मीच करत आहे. प्रत्येक खोक्यावर एक रेडिओ टॅग आणि रात्री गल्ल्यांमधून फिरत ते टॅग वाचणारे दोन रोबो, अशी ही रचना आहे. विक्रेत्याने प्रात्यक्षिकात जे दाखवले ते खोटे नव्हते. मात्र ते तयार कपड्यांच्या अर्ध्या रिकाम्या रॅकसमोर दाखवले होते, आणि आमच्याकडे कपड्यांच्या जोडीला द्रव पदार्थांच्या बाटल्या, धातूचे सुटे भाग आणि आतून चंदेरी अस्तर असलेली पाकिटेही आहेत.

ज्यांनी आतापर्यंत केवळ बारकोडवर काम केले आहे, त्यांच्यासाठी थोडे आधी सांगणे आवश्यक आहे. या टॅगमध्ये बॅटरी नसते. रीडरने सोडलेल्या लहरींतूनच त्याची इवलीशी चिप जागी होते आणि त्याच लहरी कमीजास्त प्रमाणात परतवून आपला क्रमांक कळवते. ८६० ते ९६० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात हे काम चालते, आणि त्यातला नेमका कोणता भाग वापरायचा हे प्रत्येक देशाचे नियम ठरवतात. २००४ मध्ये या टॅगांच्या संभाषणाचे दुसऱ्या पिढीचे मानक मंजूर झाले, आणि त्यामुळे एका उत्पादकाचा टॅग दुसऱ्याच्या रीडरला वाचता येतो. टॅगांच्या बाबतीत हे स्वातंत्र्य आम्हाला खरोखरच मिळाले. आम्ही मध्येच पुरवठादार बदलला तरी काही अडले नाही. रोबोच्या सॉफ्टवेअरला मात्र असे कोणतेही सार्वत्रिक मानक लागू नव्हते, आणि तिथे आम्ही एकाच कंपनीला बांधले गेलो आहोत.

पहिले दोन महिने बाटल्या आणि धातू यांच्याशी झगडण्यात गेले. या कंपनसंख्येच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात, त्यामुळे भरलेल्या बाटलीला चिकटून बसलेला टॅग जवळजवळ मुका होतो. धातूचा त्रास वेगळा आहे: धातूच्या पृष्ठभागावरून परतलेली लहर मूळ लहरीला तिथेच मारते आणि टॅगच्या अँटेनाची जुळणीही बिघडते. धातूच्या भागांसाठी मागे फोमचा थर असलेले जाड टॅग मिळतात, ते उत्तम चालतात, पण साध्या टॅगपेक्षा कितीतरी महाग पडतात; म्हणून आम्ही ते सुट्या भागांवर न लावता त्यांच्या ट्रेवर लावले आणि ट्रेमधील नगांची मोजणी हातानेच ठेवली. बाटल्यांच्या खोक्यांवर उपाय अगदी साधा निघाला. टॅग खोक्याच्या मध्यभागी न लावता वरच्या कडेला, म्हणजे आत जिथे बाटल्यांच्या मानेभोवती हवा असते तिथे, लावू लागल्यावर तीच खोकी दिसू लागली. हा बदल कोणत्याही माहितीपुस्तिकेतून आला नाही. पॅकिंग विभागातील एका बाईंनी सहज विचारले, की टॅग चिकटवण्याची जागा कोणी आणि कशावरून ठरवली. जागा ठरवली होती ती लेबलच्या शोभेवरून, हे आम्हाला मान्य करावे लागले.

या व्यवस्थेत रोबोची खरी गरज आहे का, ही शंका मलाही होती. छताला किंवा दारांना स्थिर अँटेना बसवूनही टॅग वाचता येतात. पण लोखंडी रॅकनी भरलेल्या गोदामात लहरी सगळीकडून आदळून परत येतात, आणि काही ठिकाणी त्या एकमेकींना पुसून टाकतात. अशा मृत जागेत सापडलेला टॅग स्थिर अँटेनाला कितीही वेळ दिला तरी दिसत नाही. या पट्ट्यात तरंगलांबी साधारण ३५ सेंटिमीटर असल्यामुळे अँटेना थोडीशी पुढे सरकली, की मृत जागाही सरकते. शिवाय टॅग आपल्या टोकाकडच्या दिशेला जवळपास आंधळा असतो, आणि चालत्या रोबोसमोर हा कोन सतत बदलत राहतो. रोबोचा वेग कमी केल्यावर आमची मोजणी सुधारली, तर वेग वाढवून फेऱ्या दुप्पट केल्यावर तितकी सुधारली नाही. फेरी लवकर आटोपावी म्हणून सुरुवातीला ठेवलेला वेग ही आमचीच चूक होती.

आता त्या अडचणीविषयी, जिच्यामुळे तिसऱ्या महिन्यात मी ही व्यवस्था परत करण्याच्या विचारापर्यंत आलो होतो. एकच रोबो फिरे तेव्हा आकडे बरे येत. दोन्ही एकाच वेळी शेजारच्या गल्ल्यांतून निघाले, की दुसऱ्याच्या गल्लीतील ठरावीक रॅकवरची खोकी गायब होत. सेवा अभियंत्याने आधी रोबोच्या अँटेनाला आणि मग आमच्या वाय-फायला दोष दिला. कारण निघाले ते मानकातच लिहिलेले. एकाच वेळी अनेक टॅग बोलू नयेत म्हणून, एकदा मोजलेला टॅग काही काळ गप्प राहतो, आणि ही 'मोजले गेलो' अशी खूण ठेवण्यासाठी त्याच्याकडे ० ते ३ असे चार स्वतंत्र कप्पे असतात. त्यांना सेशन म्हणतात. सेशन २ आणि ३ मध्ये ही खूण टॅगची वीज गेल्यावरही निदान दोन सेकंद आणि प्रत्यक्षात बऱ्याचदा त्याहून बराच अधिक काळ टिकते. आमचे दोन्ही रोबो सेशन २ वरच होते. पहिला रोबो रॅकच्या आरपार पलीकडच्या गल्लीतली खोकी वाचून त्यांना गप्प करत होता, आणि थोड्या वेळाने तिथे पोहोचलेल्या दुसऱ्याला ती उत्तरच देत नव्हती. दोघांना वेगळे सेशन दिल्यावर तो प्रश्न त्याच रात्री संपला. चार सेशन ज्या कारणासाठी योजलेली आहेत ते नेमके हेच, तरी ही जुळणी करून घेण्यासाठी आम्हाला सहा आठवडे पाठपुरावा करावा लागला.

त्यातूनच एक गोष्ट लक्षात आली. माल किती आहे हे मोजताना टॅगने एकदा बोलून गप्प बसावे हे सोयीचे असते, पण तो कुठे आहे हे शोधताना त्याने वारंवार बोलावे लागते, कारण रोबो पुढे जात असताना संकेत कोणत्या बिंदूपाशी सर्वांत तीव्र झाला यावरून जागा ठरते. दुरून एकदाच ऐकू आलेला टॅग शेजारच्या गल्लीत नोंदला जाण्याची शक्यता मोठी असते. म्हणून आम्ही आता दोन प्रकारच्या फेऱ्या करतो: रोजची जलद मोजणीची, आणि आठवड्यातून दोनदा संथ गतीची, जिच्यात तोच टॅग पुनःपुन्हा वाचला जातो. आडव्या दिशेने, म्हणजे माल रॅकच्या कोणत्या खणात आहे हे, संथ फेरीत बहुतेक वेळा बरोबर येते. कितव्या थरावर आहे, यावर मी अजूनही पैज लावणार नाही. मास्टच्या, म्हणजे रोबोवरच्या अँटेनाच्या उभ्या खांबाच्या, उंचीपलीकडील थरांची खोकी तर रोबो केवळ 'ऐकू आली' एवढेच सांगू शकतो. ती आम्ही लिफ्टवर उभे राहून हातातल्या रीडरने मोजतो.

जागेच्या नोंदीत एकदा मोठा गोंधळ झाला, आणि त्यात टॅगांचा काहीही दोष नव्हता. रोबो आपली जागा लेझरने आजूबाजूचे अंतर मोजून ओळखतो. आमच्या लांबलचक गल्लीत प्रत्येक खण दुसऱ्यासारखाच दिसतो, आणि जमिनीवरचे पॅलेट रोज हलतात; परिणामी एका रात्री रोबो स्वतःला प्रत्यक्षापेक्षा एक खण पुढे समजून चालत राहिला आणि सकाळी संपूर्ण ओळच्या ओळ 'चुकीच्या जागी' म्हणून लाल झाली. दोन माणसे अर्धा दिवस बरोबर जागी असलेला माल पुन्हा 'बरोबर' करत होती. तेव्हापासून रॅकच्या ठरावीक खांबांवर आम्ही कायमचे संदर्भ टॅग लावले आहेत. त्यांच्या जागा ठाऊक असल्यामुळे ते रोबोच्या अंदाजाशी जुळत नसतील तर ती फेरी अहवालात घेतलीच जात नाही. ही सोय पहिल्या दिवसापासून असायला हवी होती.

या सगळ्यानंतर मी ज्या निष्कर्षाला आलो आहे, त्यावरच आमची आजची कार्यपद्धती उभी आहे. खोके दिसले, तर ते आहे हे जवळपास खात्रीने म्हणता येते. दिसले नाही, तर त्यावरून काहीच म्हणता येत नाही. सुरुवातीला सॉफ्टवेअर न दिसलेला प्रत्येक नग तूट म्हणून दाखवत असे, आणि त्यावर हिशेब विभागाने खुलासे मागवणे सुरू केले होते. आता सलग तीन फेऱ्यांत न दिसलेले खोकेच तपासणीच्या यादीत येते, तिथे माणूस जातो, आणि तो प्रत्यक्ष पाहून सही करेपर्यंत पुस्तकी साठ्याला हात लावला जात नाही. अहवालातील मला सर्वांत उपयुक्त वाटणारा रकाना नगसंख्येचा नाही, 'शेवटचे कधी दिसले' हा आहे. जे खोके दोन महिने रोज दिसत होते आणि अचानक दिसेनासे झाले, त्याची गोष्ट आणि जे पहिल्यापासूनच अधूनमधून दिसते, त्याची गोष्ट वेगळी असते. अनुभवी भांडारपालाला या रकान्यावरून ती लगेच कळते.

उलट दिशेची चूकही होते. टॅगला बॅटरी नसल्यामुळे तो मरतही नाही, आणि रिकामी खोकी पुन्हा वापरली, की जुना टॅग मुकाट्याने जुना माल हजर असल्याचे सांगत राहतो. टॅग कायमचा बंद करण्याची आज्ञा मानकात आहे, पण आमच्या जावकेच्या दारावर ती वापरण्याइतका वेळ मिळत नाही. आम्ही अँटेनाची पट्टी फाडतो. दुसरा प्रकार अधिक लाजिरवाणा होता. छपाई यंत्राने नापास केलेले लेबल बाद करून तोच क्रमांक पुन्हा छापला जाई, आणि कोणीतरी काटकसर म्हणून बाद लेबलही दुसऱ्या खोक्यावर चिकटवत असे. दोन खोकी एकाच क्रमांकाची झाली, की रोबोच्या दृष्टीने ते एकच खोके. बाद लेबल तिथल्या तिथे कात्रीने कापायचे, हा आमच्या भिंतीवर लावलेला एकमेव नियम आहे.

रोबोंच्या यंत्रभागाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही, आणि मी हे कौतुक म्हणून लिहीत आहे. चार्जिंगला ते स्वतः जातात आणि माणूस आडवा आला तर थांबतात. पॅलेटभोवतीच्या प्लॅस्टिक फिल्मची लोंबती टोके चाकात अडकण्याचे प्रकार मात्र वारंवार घडतात. नडगीच्या उंचीवरचा लेझर वर उचललेले फोर्कलिफ्टचे काटे पाहू शकत नाही, म्हणून रोबो आणि फोर्कलिफ्ट एका गल्लीत येऊ नयेत असे वेळापत्रकच आम्ही बांधले आहे.

वार्षिक मोजणीसाठी पूर्वी गोदाम दोन दिवस बंद ठेवावे लागे, यंदा ते बंद ठेवावे लागले नाही. माणसे कमी झाली नाहीत. मोजणारी माणसे आता न दिसलेल्या आणि भलत्या जागी दिसलेल्या मालाच्या मागे असतात. भलत्या जागी ठेवलेला माल सापडणे हाच आम्हाला झालेला सर्वांत मोठा लाभ आहे, कारण असा माल पूर्वी पुस्तकात असूनही विकता येत नसे. वर्ष संपताना तिसरा रोबो घेण्याचा प्रस्ताव समोर आला होता. तो मी नाकारला आणि ती रक्कम धातूवरच्या टॅगांसाठी तसेच पॅकिंगच्या टेबलावर एक लहान रीडर बसवण्यासाठी मागितली आहे, जेणेकरून लेबल चिकटवताक्षणीच ते वाचले जाते की नाही हे तिथेच कळेल.