जुन्या ग्रंथाची नवी छपाई: आशय उत्तम, नकाशा निकामी

आल्फ्रेड अल्कॉक यांच्या ‘अ नॅचरलिस्ट इन इंडियन सीज’ या १९०२ च्या ग्रंथाची पुनर्मुद्रित प्रत मी अप्पा बळवंत चौकातील एका दुकानातून मागवून घेतली. अल्कॉक हे सरकारी वैद्यकीय सेवेतील अधिकारी होते आणि १८८८ पासून ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सागरी सर्वेक्षण जहाजावर वैद्य व निसर्गअभ्यासक म्हणून काही वर्षे राहिले. जहाजाचे मुख्य काम किनाऱ्यालगतची खोली मोजून नौकानयनाचे नकाशे तयार करणे हे होते. त्यातून वेळ मिळेल तेव्हा खोल पाण्यात जाळे टाकले जाई, आणि वर आलेले मासे, खेकडे, कोळंबीचे प्रकार तपासण्याचे काम या एकट्या गृहस्थाकडे असे. अंदमान आणि लक्षद्वीपच्या प्रवासाची प्रकरणे मला सर्वांत सरस वाटली, कारण तेथे शास्त्रज्ञाची नजर आणि मिश्कील प्रवासी यांची जोडी छान जमते. प्राण्यांवरील उत्तरार्ध मात्र लॅटिन नावांच्या गर्दीमुळे सावकाश वाचावा लागतो. कोळी समाजाचा व्यवसाय किंवा बोंबील-सुरमईचा बाजार समजून घ्यायचा असेल, तर हे पुस्तक त्यासाठी नव्हे.

प्रतीविषयी तक्रार आहे. मूळ पानांची छायाप्रत इतकी फिकट आहे की काही चित्रांतील माशांचे पर दिसत नाहीत आणि नकाशा लहान करून छापल्याने अक्षरे भिंगाखालीही लागत नाहीत. बांधणी मजबूत आहे, कागद बरा. दुकानदाराने प्रत बदलून देण्याची तयारी दाखवली. पण दुसरी प्रतही तशीच निघाली.