मेळघाटातली मचाणावरची रात्र: वाघ दिसला नाही, तरी पाचपैकी साडेचार स्टार

बुद्ध पौर्णिमेला मेळघाटात मचाणावर बसून आले, घरी येऊन दोन दिवस झाले तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. वनविभागाचा निसर्गानुभव असतो ना, तोच, म्हणजे पाणवठ्याजवळच्या मचाणावर रात्रभर बसायचं आणि पाण्यावर येणारे प्राणी तक्त्यात नोंदवायचे. ऑनलाइन बुकिंग केलं, मचाणावर मी, माझा भाऊ आणि सोबत गाईड म्हणून जवळच्याच गावातला एक कोरकू आदिवासी मुलगा.

आधीच सांगते, ही सफारी नाही. जिप्सीत बसून वाघामागे फिरायचं असेल तर ताडोब्याला जा, तेही छानच आहे. इथे दुपारी चढायचं आणि सकाळी उजाडल्यावर उतरायचं, मधे खाली पाय ठेवायचा नाही, बोलायचं नाही, मोबाईल बंद, सेंट-डिओ काही नाही, कपडे मातकट रंगाचे. मे महिन्यात सागाला पान नसतं, नाले आटलेले असतात, पाणी उरतं ते डोहात आणि पाणवठ्यावर, म्हणजे जनावर तिथे येणारच, आणि पौर्णिमा असल्यामुळे टॉर्च लागतच नाही. मला वाटलं होतं चांदण्यात अंधुक दिसेल, पण डोळे सरावल्यावर मोराचं पीस पडलेलं पण दिसत होतं.

साडेसातच्या सुमारास सांबराची मादी आली. आली म्हणजे काय, झाडीच्या कडेला येऊन उभी राहिली, एक पाय उचलला आणि तसाच अधांतरी धरून ठेवला, कान वळवले, परत मागे गेली, परत आली, पाण्यापर्यंतच्या वीस-पंचवीस पावलांना तिला जवळजवळ अर्धा तास लागला. तहान लागलेली असताना एवढा धीर! आम्ही घोटभर पाणी प्यायला बाटली उघडली तर झाकणाच्या आवाजाने तिने मान वर केली, मग आम्ही पण नाही प्यायलो. अकराच्या पुढे अस्वल आलं, ते दिसायच्या आधी ऐकू आलं, वारुळात तोंड घालून वाळवी ओढत होतं, घरातला व्हॅक्युम क्लिनर चालू-बंद करावा तसा आवाज.

आणि आता ज्यासाठी हे लिहितेय ते. रात्री दोनला परत सांबर आलं, भावाने पेन्सिल उचलून तक्त्यात दुसरी नोंद करायला घेतली तर गाईडने हात धरला आणि कानात म्हणाला, "दादा, तीच आहे ती, उजवा कान बघा फाटलेला." दुर्बिणीतून बघितलं तर खरंच! तो नसता तर आम्ही एकीच्या दोन केल्या असत्या, आणि अशा किती मचाणांवर किती जण करत असतील. म्हणून तर पाणवठ्यावरच्या मोजणीवरून जंगलात एकूण किती प्राणी आहेत ते सांगता येत नाही, कोण कोण आहे एवढं कळतं. वाघ पण पूर्वी पंजाच्या ठशांवरून मोजायचे, २००५ मधे राजस्थानातल्या सरिस्का अभयारण्यात वाघच उरले नाहीत हे उघड झालं तेव्हा त्या आकड्यांवरचा विश्वास उडाला. आता दर चार वर्षांनी कॅमेरा ट्रॅप (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावतात, वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर, कारण प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे आणि डाव्या-उजव्या अंगाचे पण वेगळे. २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे होते, साडेतीन कोटींच्या आसपास फोटो निघाले आणि त्यात वाघाचे फक्त ७६,६५१! शिवाय वनरक्षक आपापल्या बीटमधे, म्हणजे नेमून दिलेल्या जंगलाच्या तुकड्यात, पायी चालून विष्ठा, ठसे, ओरखडे, हरणं सगळं नोंदवतात ते वेगळंच. २००६ ला देशात १,४११ वाघांचा अंदाज होता, २०२२ ला किमान ३,१६७, हे आकडे पेपरात वाचताना त्यामागे कुणीतरी असं उन्हात चाललंय हे मला आजवर जाणवलंच नव्हतं.

अर्धा स्टार कापला तो एका गोष्टीसाठी. परतवाड्याहून ठरवलेला गाडीवाला दीड तास उशिरा आला, फोन उचलेना, घाटात नुसता जीव टांगणीला, मचाणावर चढायची वेळ थोडक्यात चुकली असती. त्यामुळे आदल्या दिवशीच मेळघाटातल्या सेमाडोहला मुक्कामाला या, बुकिंग हातात असून बाहेर राहायची वेळ येऊ नये.

सोबत काय घ्याल: पाणी भरपूर (माणशी चार लिटर तरी), बाटली अशी की उघडताना आवाज होणार नाही, कोरडं खाणं पण कुरकुरणारं पाकीट नको, पहाटे गार होतं म्हणून एक चादर, दुर्बीण असेल तर नक्की. लहान मुलांना नका नेऊ, रात्रभर गप्प बसणं त्यांच्यासाठी शिक्षा आहे. खोकला असेल तर स्वतः पण नका जाऊ खरंच. आणि गाईडशी चढायच्या आधीच निवांत बोलून घ्या, कारण वर गेल्यावर बोलता येत नाही आणि त्याला जे माहीत आहे ते गूगलवर नाही मिळत.

आमच्या तक्त्यात तीन ते पाचच्या मधे काहीच नाही, तो रकाना गाईडने रिकामा नाही सोडला, प्रत्येक तासासमोर नीट "निरंक" लिहिलं, मग खाली वेळ टाकून सही केली आणि म्हणाला, "ताई, आता उतरू या, उजाडलं."