पेट्रोल कुठे भरायचं: पत्रादेवीच्या अलीकडे की पलीकडे?

पत्रादेवी म्हणजे महाराष्ट्र-गोवा सीमेवरचा नाका. त्याच्या पुढे गोव्यातल्या पहिल्या पंपांवर एमएच ०७ च्या, म्हणजे सिंधुदुर्गातल्या, गाड्या नेहमी दिसतात. कारण उघड आहे. २०२४ च्या जूनमध्ये गोव्याने पेट्रोलवरचा व्हॅट साडेएकवीस टक्क्यांवर नेला, लिटरमागे साधारण रुपयाभर वाढ झाली, तरी भाव ९६-९७ च्या घरातच राहिला. सिंधुदुर्गात तेव्हा तेच पेट्रोल १०५ च्या आसपास होतं, कारण महाराष्ट्रात २५ टक्के व्हॅट आणि वर लिटरला ५ रुपये १२ पैशांचा अधिभार. म्हणजे फरक होता आठ-नऊ रुपयांचा. डिझेलमध्ये साधारण त्याच्या निम्मा. (२०१२ मध्ये पर्रीकरांनी व्हॅट ०.१ टक्क्यावर आणून पेट्रोल एका झटक्यात ११ रुपयांनी उतरवलं होतं. ते दिवस गेले.)

आता मोप्याला किंवा म्हापशाला रोज कामाला येणाऱ्याला विचार करण्यासारखं काहीच नाही, येताजाता गोव्यात भरावं. प्रश्न पडतो तो खास पेट्रोलसाठी निघणाऱ्याला. सावंतवाडीहून पत्रादेवीपर्यंत जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर धरा. स्कूटरची टाकी पाच लिटरची, ती पूर्ण रिकामी असली तरी वाचणार चाळीस-पंचेचाळीस रुपये, आणि ४५ च्या ॲव्हरेजने जाण्यायेण्यातच साठ-पासष्ट रुपये जळणार. हा उलटा धंदा. कारमध्ये ३५ लिटर बसत असेल तर तीनशे रुपये वाचतात, त्यातले दोनशेच्या आसपास प्रवासात जातात. उरलेल्या शंभरासाठी रविवारची सकाळ घालवायची का, हे ज्याचं त्याने ठरवावं. सीमेलगतच्या बांद्याच्या माणसाचं गणित मात्र वेगळं, त्याला चार-पाच किलोमीटरच जायचं असतं. तिकडे गोव्याच्या दक्षिण टोकाच्या काणकोणकरांनीही कारवारला जाताना टाकी गोव्यातच भरून घ्यावी, कर्नाटकातला भाव गोव्यापेक्षा चढाच आहे.

गोव्याच्या आत मात्र 'स्वस्त पंप' शोधत फिरण्यात अर्थ नाही. पेट्रोलचे भाव २०१० मध्ये आणि डिझेलचे २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून सुटले, १६ जून २०१७ पासून रोज सकाळी सहाला नवा दर लागू होण्याची पद्धतही आली. पण इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि एचपी यांच्या दरांत फरक पडला तर पैशांचा. तो बराचसा डेपोपासूनच्या वाहतुकीचा असतो. पंपवाल्याचं कमिशन कंपनी ठरवते, त्यामुळे भाव पाडून शेजाऱ्याचं गिऱ्हाईक ओढायची सोय त्याच्याकडे नाहीच. खासगी कंपन्या थोडं इकडेतिकडे करतात. २०२२ मध्ये कच्चं तेल भडकलं तेव्हा त्यांचे दर सरकारी पंपांपेक्षा वर होते, २०२३ मध्ये नायराने लिटरला एक रुपया कमी लावला. तेव्हा खासगी पंप वाटेत असेल तर बोर्डावर नजर टाकावी, वाट वाकडी करू नये.

मग स्पर्धा कशात? मापात आणि वागण्यात. आणि माझ्या मते निवड इथेच करायची असते. लिटरमागे चाळीस पैसे वाचवून पाच लिटरमागे शंभर मिली कमी घेतलं, तर कमावलं काय? पंपावर वजनमाप खात्याच्या शिक्क्याचं पाच लिटरचं माप ठेवावंच लागतं, आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरला २५ मिलीपर्यंतची घटबढ चालते, त्यापुढे तक्रार करता येते. भेसळीची शंका आली तर फिल्टर पेपर मागावा: थेंब टाकायचा, उडून गेल्यावर डाग राहता कामा नये. माप मागितल्यावर जिथे कपाळाला आठ्या पडतात, त्या पंपावर पुन्हा जाऊ नका. शंभराऐवजी एकशे दहाचं भरलं की फसवणूक टळते, या समजात फारसा दम नाही. मशीनमध्येच गडबड असेल तर आकडा कोणताही सांगा. त्यापेक्षा गाडीवरून उतरून मीटर शून्यावर आहे की नाही ते बघा, आणि मध्येच नोझल थांबवून 'किती म्हणालात?' असं कोणी विचारलं तर नजर मीटरवरून हलवू नका.

महागड्या ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलबद्दल थोडक्यात: गाडीच्या पुस्तकात ९१ पुरे म्हटलं असेल, तर जास्तीचे पैसे फुकट.

राहिली किनारपट्टीतली बाटली. रेंटची स्कूटर घेतलेल्या पाहुण्यांना रस्त्याकडेच्या दुकानात पाण्याच्या बाटलीतलं पेट्रोल सहज मिळतं. भाव पंपापेक्षा जास्त, बाटली गळ्यापर्यंत भरलेली असेलच असं नाही, आत काय मिसळलंय ते कळत नाही, आणि अशी विक्री बेकायदेशीर. घरी पाहुणे येणार असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा: स्कूटर ताब्यात घेतली की पहिल्यांदा काटा बघायचा आणि सरळ जवळचा पंप गाठायचा. भाड्याच्या गाडीत पेट्रोल बहुतेक वेळा पंपापर्यंत पोचण्यापुरतंच ठेवलेलं असतं.