पोळी-भाजी केंद्र ॲपवर टाकायचं की आपल्याच फोनवर चालवायचं?

नाशिकच्या सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या पट्ट्यात गल्लोगल्ली घरगुती पोळी-भाजी केंद्रं आहेत. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत नोकरीला आलेली एकटी मुलं, दोघंही कामावर जाणारी जोडपी, मुलं पुण्याला किंवा परदेशात गेल्यामुळे दोघंच उरलेले आजी-आजोबा, असं त्यांचं गिऱ्हाईक. केंद्राचा थोडा जम बसला की कधी ना कधी ॲप कंपनीचा माणूस दारात येतो आणि म्हणतो, ‘ताई, तुमचं नाव ॲपवर टाकू या, ऑर्डरी दुप्पट होतील.’ हो म्हणायचं की नाही, या विचारात असणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

रस्ते तीन आहेत. झोमॅटो-स्विगी हा पहिला, सरकारच्या पुढाकाराने उभं राहिलेलं ओएनडीसी हे ऑनलाइन खरेदी-विक्रीचं खुलं जाळं हा दुसरा, आणि आपला फोन, व्हॉट्सॲप, यूपीआय नि आपला डिलिव्हरीवाला हा तिसरा. तुलना करताना बहुतेक जण कमिशनचे टक्के बघतात. ते बघायलाच हवेत, पण माझ्या मते त्याआधीचा प्रश्न आहे तो गिऱ्हाइकाचा नंबर कोणाकडे राहणार हा.

आधी पैशाचं बघू. कमिशनचा दर करारागणिक बदलतो. इथे २५ टक्के धरू. १५० रुपयांच्या थाळीवर ३७.५० रुपये कमिशन, त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी म्हणजे ६.७५ रुपये. हातात आले १०५.७५. त्यातून डबा, फॉइल, चमचा, पिशवी यांचा खर्च तुमचाच. मग कंपनीचा माणूस सांगतो की नवीन आहात, २० टक्के सवलत ठेवा, म्हणजे यादीत वर दिसाल. ती सवलत पूर्ण तुमच्या खात्यातून गेली, तर कमिशन कमी झालेल्या किमतीवर लावलं तरी पदरात ८५ रुपयांच्या आतच पडतात. दोन भाज्या, चार पोळ्या, वरण-भात यांचा खर्च भागवून त्यात काय उरतं, हे केंद्र चालवणारीला सांगायची गरज नाही.

यावरचा सरधोपट उपाय म्हणजे ॲपवर भाव वाढवून टाकणं. थाळी १९० ला लावली, तर त्याच दराने कमिशन नि कर जाऊन तुम्हाला साधारण १३४ मिळतात. गिऱ्हाईक मात्र १९० वर ५ टक्के जीएसटी भरतं, कारण १ जानेवारी २०२२ पासून ॲपवरून मागवलेल्या जेवणाचा जीएसटी ॲपने भरायचा आहे, आणि तुमची उलाढाल जीएसटीच्या मर्यादेखाली असली तरी तो लागतोच. वर प्लॅटफॉर्म फी, म्हणजे ॲप वापरल्याचं शुल्क. बिल २१० च्या पुढे गेलं आणि डिलिव्हरीचे पैसे अजून धरलेलेच नाहीत. दीड किलोमीटरवर राहणारा माणूस दीडशेच्या जेवणाला एवढे पैसे महिन्यातून किती वेळा देईल? एकदा-दोनदा देईल, रोज देणार नाही. पोळी-भाजी केंद्र तर रोजच्या माणसावर चालतं.

प्लॅटफॉर्म फीचा प्रवास बघण्यासारखा आहे. झोमॅटोने ऑगस्ट २०२३ मध्ये ती दर ऑर्डरला २ रुपयांनी सुरू केली. सप्टेंबर २०२५ मध्ये ती १२ रुपये झाली होती. झोमॅटो जुलै २०२१ मध्ये शेअर बाजारात आली, स्विगी नोव्हेंबर २०२४ मध्ये. दर तीन महिन्यांनी नफ्याचा आकडा दाखवावा लागणारी कंपनी आज देते त्याच अटी उद्याही देईल, असं गृहीत धरून कोणी स्वयंपाकघराचं भाडं वाढवू नये.

सिडकोतल्या एका केंद्राचा ॲपवरचा आठवड्याचा हिशेब मी त्या ताईंच्या शेजारी बसून वाचला. पहिल्या ओळीत ऑर्डरींची एकूण रक्कम, ती बघून बरं वाटलं. मग खाली एकेक वजाबाकी: सवलतीतला तुमचा वाटा, कमिशन, कमिशनवरचा कर, जाहिरातीचे पैसे आणि शेवटी ‘ग्राहकाला परतावा’. रस्सा सांडला अशी कोणीतरी तक्रार केली होती. ताईंना त्या माणसाला फोन करून विचारायचं होतं, दुसरा डबा पाठवायचा होता. पण पडद्यावर फक्त पहिलं नाव होतं. नंबर नाही, पत्ता नाही. मदतीच्या चॅटवर विचारलं, तर तेच ठरावीक उत्तर दोनदा आलं. आपल्या हातचं जेवलेल्या माणसाची माफी मागण्याचीही सोय नाही, याचा त्यांना पैसे कापल्यापेक्षा जास्त राग आला होता, आणि तो रास्त होता.

हॉटेलवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेची, नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ इंडियाची, नंबर न मिळण्याची ही जुनी तक्रार आहे. त्यांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये झोमॅटो आणि स्विगीच्या व्यवहारांची चौकशी करण्याचा आदेश दिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये झोमॅटोने ग्राहकाने संमती दिली तर त्याचा नंबर हॉटेलला देण्याचा प्रयोग सुरू केला. चांगली गोष्ट आहे, पण बटण कुठे असेल, किती ठळक असेल आणि कधी काढून टाकलं जाईल, हे सगळं कंपनीच ठरवणार. दरम्यान २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या सुरुवातीला या दोन्ही कंपन्यांनी दहा-पंधरा मिनिटांत खाणं पोहोचवणाऱ्या आपल्याच सेवा काढल्या, बिस्ट्रो आणि स्नॅक. त्या नावांचं पुढे काहीही होवो. कोणत्या भागात रात्री आठ वाजता काय खपतं, हे ज्याला तुमच्या विक्रीवरून कळतं, तोच उद्या शेजारी चूल मांडू शकतो, एवढं त्यातून समजून घ्यावं.

ॲपच्या बाजूनेही बोललं पाहिजे. पाथर्डी फाट्याच्या नव्या इमारतीत कालच राहायला आलेल्या माणसाला तुमचं केंद्र माहीत नसतं. तो ॲपच उघडतो. मुसळधार पावसात तुमचा एकुलता एक डिलिव्हरीचा मुलगा आला नाही की धंदा बसतो, ॲपकडे निदान दुसरा कोणीतरी असतो. कॉलेज रोड, गंगापूर रोडला रात्री उशिरा मागवणारी मुलं फोन करत नाहीत. तुमचं स्वयंपाकघर तिकडे असेल आणि तुम्ही थाळीऐवजी पराठे, पुलाव, रोल असं एकेकट्या ऑर्डरचं खाणं करत असाल, तर ॲपशिवाय निभणार नाही, हे मान्य करावं लागेल.

ओएनडीसीबद्दल थोडक्यात. ही नफ्यासाठी नसलेली कंपनी डिसेंबर २०२१ मध्ये स्थापन झाली. कल्पना उत्तम आहे: ग्राहक एका ॲपवर, विक्रेता दुसऱ्यावर, डिलिव्हरी तिसऱ्याची, आणि कोणा एकाच्या हातात सगळी दोरी नाही. २०२३ मध्ये तिथे जेवण स्वस्त मिळतं अशी मोठी चर्चा झाली, पण त्या स्वस्ताईत प्रोत्साहनाच्या पैशांचा मोठा वाटा होता. ते आटले तसा उत्साहही ओसरला. अडचण अशी की ऑर्डर बिघडली तर तिघांपैकी कोणाला जाब विचारायचा हे ना गिऱ्हाइकाला कळत, ना तुम्हाला. कमिशन कमी आहे म्हणून नाव जरूर नोंदवा, पण त्या भरवशावर पिठाची जादा गोणी भरू नका.

आता तिसरा रस्ता. व्हॉट्सॲप बिझनेस भारतात जानेवारी २०१८ पासून फुकट मिळतं. कॅटलॉग लावता येतो, आजची भाजी स्टेटसला टाकता येते. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, मात्र ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोहोचतो. म्हणून नवीन माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचं, ‘दादा, नंबर सेव्ह करा, रोज सकाळी भाजी कळेल.’ पैसे यूपीआयने घ्या; साध्या बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही.

हा रस्ताही कंपनीमुक्त नाही. व्हॉट्सॲप मेटाचं आहे. २०२१ च्या गोपनीयता धोरणावरून स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. शिवाय व्हॉट्सॲप भारतात दर महिन्याला लाखो खाती बंद करतं, हे त्यांच्याच मासिक अहवालांत असतं. एकाच वेळी अनोळखी लोकांना भाराभर मेसेज पाठवले तर तुमचा नंबरही त्यात जाऊ शकतो. म्हणून सगळ्या गिऱ्हाइकांची नावं, नंबर, पत्ते, कोणाला तिखट चालत नाही, कोण गुरुवारी उपास करतं, हे सगळं एका वहीत लिहून ठेवा. व्हॉट्सॲप बंद पडलं तर त्या वहीवरून साधा फोन लावता येतो. ॲपवरून काही कारणाने तुमचं नाव उतरलं, तर लावायला नंबरच नसतो.

त्रास आहेच. ऐन फोडणीच्या वेळी फोन वाजतात. उधारी साचते. डिलिव्हरीचा मुलगा दिवाळीला गावी जातो तो तुळशीच्या लग्नापर्यंत येत नाही. यावर चालणारे उपाय साधे आहेत. दुपारच्या डब्याची ऑर्डर सकाळी दहापर्यंत, रात्रीची पाचपर्यंत. नंतर आलेल्याला नम्रपणे नाही म्हणायचं. महिन्याच्या डब्याचे पैसे आगाऊ. आणि डिलिव्हरी ऑर्डरप्रमाणे न करता फेरीप्रमाणे: साडेबाराला अंबडची एक फेरी, एकला त्रिमूर्ती चौक ते पाथर्डी फाटा दुसरी. एका फेरीत बारा-पंधरा डबे गेले की दर डब्यामागे १५-२० रुपयांत भागतं. द्वारका ओलांडून नाशिकरोडची ऑर्डर घेऊ नका. त्या चौकातल्या कोंडीत पोळ्यांचं चामडं होतं.

आता निवड. रोजचं, जवळपासचं, ओळखीचं गिऱ्हाईक असेल, तर धंदा फोनवर आणि वहीवरच चालवा. त्यात महिन्याच्या डब्याची तीस-चाळीस गिऱ्हाइकं पक्की झाली की ॲपवर नाव टाकायला हरकत नाही, पण चारच पदार्थ ठेवा, भाव कमिशन धरून लावा आणि सवलतीला मंजुरी देण्याआधी ती कोणाच्या खिशातून जाणार हे लेखी विचारा. जाहिरातीला पहिले तीन महिने हात लावू नका. एकूण विक्रीत ॲपचा वाटा तिसऱ्या हिश्शाच्या वर जायला लागला तर सावध व्हा, कारण त्यानंतर कमिशन वाढलं तरी तुम्हाला बाहेर पडता येणार नाही.

नवीनच सुरुवात करत असाल, ओळखपाळख नसेल, तर क्रम उलटा घ्या: आधी ॲप, पण मुदत घालून. सहा महिन्यांत फोनवरचं गिऱ्हाईक किती झालं ते मोजा. ॲपवरून आलेल्या माणसाला आपल्या फोनवर ओढून आणण्याआधी करारात त्याबद्दल काय लिहिलंय ते वाचून घ्या.

२०२७ च्या सिंहस्थात बाहेरचे लोक लोटणार म्हणून आत्ताच ॲपवर जागा धरा, असंही केंद्रवाल्यांना सांगितलं जातंय. भाविक आणि त्यांच्यासोबत येणारे अनोळखीच असणार, तेव्हा त्या काळापुरता ॲपचा उपयोग खरा आहे. पण पर्वणीच्या दिवशी पंचवटी, रामकुंडाकडचे रस्ते वाहनांना बंद असतात, ॲपचा मुलगाही तिथे पोहोचणार नाही. तेव्हा त्या दिवसांत आधी महिन्याच्या डब्यांच्या पोळ्या बाजूला काढा, उरतील तेवढ्याच ॲपवर दाखवा.